थोरल्या वन्संचे डोळे

मुळशी धरणाच्या अलीकडे-पलीकडे आमच्या थोरल्या वन्संना ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी छातीठोकपणे सांगते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. गावातच दिलेली, त्यामुळे भिंतीला भिंत लागून घर. रिसॉर्टवाल्यांना त्या कांदा-लसूण मसाला पुरवतात आणि तो कसा खायचा हेही बजावून येतात. एकदा एका पाहुण्याने चव न घेताच रश्शात लिंबू पिळलं, तर वन्संनी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. “आंबटच खायचं हुतं तर चिंच चोखायची, हितं कशाला आलायसा?” तो बिचारा माफी मागत बसला! दाजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, तर लग्न झाल्यापासून मान हलवण्यापलीकडे काही केलेलं मी पाहिलं नाही.

त्यात वन्संना थायरॉइड निघाला. गोळ्या सुरू झाल्या तरी डोळे बाहेर येत चालले, पापण्या वर चढल्या, आणि त्या साधं “चहा घे” म्हणाल्या तरी खून करायला आल्यासारख्या दिसू लागल्या. गावाला वाटलं, बाईचा राग वाढला. आधीच सगळे टरकून, त्यात हा तेरावा महिना. आणि तेव्हापासून त्यांच्या मसाल्याला रंग चढेना. “फिक्काच दिसतोय मेला,” म्हणून त्या आणखी मूठभर मिरची घालायच्या. रिसॉर्टचा आचारी नाकाडोळ्यांतलं पाणी पुसत म्हणायचा, “लई भारी झालाय, अक्का!” पाहुणे उचक्या देत जेवायचे. पण बोलणार कोण?

एके सकाळी मिरचीवाल्याने अंगणात पोतं ओतलं आणि वन्सं कडाडल्या, “ही मिरची हाय का पालापाचोळा? असला मातकट माल माझ्या माथी मारतोस?” त्याने चटकन हात जोडले. “चुकलं, अक्का. बदलून देतो.” अहो, पण मिरची डोळ्यांत भरेल इतकी लाल! माझं डोकंच सणकलं. “वन्सं, लालभडक आहे की हो!” मी बोलून गेले.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं; म्हटलं, आता काही खरं नाही. पण त्या खाली वाकल्या, एक मिरची उचलली, आधी एक डोळा तळव्याने झाकला, मग दुसरा. “डाव्यानं जरा तरी तांबडी दिसतीया,” त्या हळू म्हणाल्या. “उजव्यानं नुसती माती हाय गं.” त्यांचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि घरी सोडलंच नाही. म्हणाल्या, थायरॉइडच्या या आजारात शरीर स्वतःवरच उलटलंय, डोळ्यांमागचे स्नायू नि चरबी सुजून नजरेची नस दाबली जातेय. आधी रंग जातात, मग नजर जाऊ शकते. धुराने हे बळावतं म्हटल्यावर दाजींच्या खिशातल्या विड्या तिथल्या तिथे कचऱ्यात गेल्या. “पर उलटलं का?” वन्सं गरजल्या. “पुरतं अजून कुणालाच कळलेलं नाही, मावशी. शोध चालू आहे.”

सलाइनमधून औषध झालं, तरी उजवा डोळा मंदावतच गेला. मग ऑपरेशन ठरलं: दोन्ही डोळ्यांच्या खोबणीच्या हाडात जागा करायची, सुजलेली चरबी काढायची. ती चरबी संशोधनासाठी ठेवून घेऊ का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारताच दाजी पांढरेफटक पडले. “ठिवा,” वन्सं म्हणाल्या. “पर हुडकून काढा का झालं ते. आन् न्हाई गावलं तर सरळ न्हाई म्हना. व्हय व्हय करून समद्यांनी माझा घात केलाय.” दाजींनी सवयीने मान हलवली. हसावं की रडावं, मला कळेना.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी मी खाटेचा दांडा घट्ट धरून उभी होते. डाव्या डोळ्याने वन्संनी डॉक्टरीणबाईंची बोटं पटापट मोजली. उजव्याची पाळी आली. वेळ जात होता, डॉक्टरीणबाईंनी बोटं आणखी जवळ आणली. वन्संना ठोकून द्यायला काय लागतं! पण त्या म्हणाल्या, “न्हाई. न्हाई दिसत.”

आता त्यांचे डोळे पुष्कळ आत बसलेत. डावा वाचला. उजव्यात उजेड-अंधार तेवढा कळतो. संध्याकाळी ओट्यावर टेकलो की मी विसरून त्यांच्या उजव्या अंगाला बसते. मग त्या चाचपून माझा हात धरतात आणि मला डावीकडे ओढून घेतात.

“हितं बस गं,” त्या म्हणतात. “हितनं दिसतीस.”