पाण्यातल्या काट्या

मी शेततळ्यात बाभळीच्या काट्या टाकत होते, तेव्हा शेजारच्या रानातले आबा बांधावर येऊन उभे राहिले. "बाई, सरपण भिजत घातलंय व्हय?"

"व्हय आबा," मी म्हणाले, "उद्या मोड येतील."

हसतील त्यांचे दात दिसतील. नोकरी संपवून शेळगावला परतल्यावर वडिलांच्या रानाच्या कोपऱ्यात मी हे तळं खोदून घेतलं. जमीन चिकण, पाणी धरणारी, म्हणून तळाला प्लॅस्टिकचा कागद लागला नाही. पाणी पेरूच्या बागेला आणि मासे माझ्या हौसेला. बोटाएवढी रोहू-कटल्याची पिल्लं सोडली आणि पंधरा दिवसांत पाणकावळ्यांना पत्ता लागला. तळं घासलेल्या ताटासारखं साफ, पिल्लांना लपायला एक दगड नाही. पाणकावळा बुडी मारायचा आणि चोचीत माझा मासा घेऊन वर यायचा. डोकंच फिरलं माझं. बांधावरची वाळकी बाभूळ तोडली, काटेरी फांद्यांचे भारे बांधले, त्यांना धोंडे लावले आणि मधल्या खोल पाण्यात ढकलले. काट्यांच्या आत पिल्लू शिरतं, पाणकावळा शिरत नाही, एवढं साधं गणित. दोन-चार शेंडे तेवढे पाण्यावर राहिले.

संध्याकाळी वडील काठी टेकत आले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो, वय ऐंशीच्या पुढे. शेंडे दिसले तसे ते जागीच थांबले.

"पाण्यावर काट्या कुणी टाकल्या?"

"मी."

"काढ."

"तात्या, मासं..."

"काढ म्हणतोय न्हवं!"

आमच्याकडे वाट बंद करायची असली की तिच्यावर बाभळीची काटी आडवी टाकतात. पाटी लागत नाही, शाळेत न गेलेल्यालाही ते वाचता येतं. तात्या लहान होते, आमच्या लोकांनी धम्म घेतला नव्हता, तेव्हा त्यांच्या आजोळी विहिरीच्या पायऱ्यांवर आपल्या लोकांना अडवायला अशी काटी असायची. कुणी शिवी देत नसे. कुणीतरी वरून ओतेल म्हणून लहानगे तात्या घागर घेऊन उन्हात उभे राहत. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! आणि तरी बाभूळ तोडताना मला ती आठवली नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त पाणकावळा होता.

मला फार लाज वाटली. पण काट्या मी काढल्या नाहीत. शेवटी मुलगी त्यांचीच.

"तात्या," मी म्हणाले, "ह्या काटीनं आपलं पाणी अडवलं. आता ती माझ्या तळ्यात माझं काम करंल. तिला मी का भ्यावं?"

ते काठी टेकत घराकडे वळले. त्यानंतर चार दिवस ते तळ्याकडे फिरकले नाहीत आणि जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. मी शेंड्यांना आणखी धोंडे बांधले, सगळं पाण्याखाली नेलं. तळाला फुटक्या कौलांचा ढीगही टाकला. मग एका सकाळी हाताला धरून त्यांना घेऊन गेले. ते नको नको म्हणत आले आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. वरून पाणकावळा गेला तशी पिल्लं झरकन काट्यांत शिरली. पाणकावळा दोनदा घिरट्या घालून रिकामाच गेला. तात्या बराच वेळ पाण्यात वाकून बघत राहिले.

"आत ऱ्हाऊ देत," ते म्हणाले. "पर काठावर एक जरी दिसली, तर गाठ माझ्याशी हाय."

पुढे मासे वीतभर झाले. आबा पुन्हा बांधावर आले, या वेळी चांगला सल्ला घेऊन. मनाने वाईट नाहीत ते. "बाई, मासं मोठं झालं. कुणीबी येऊन गळ टाकंल. चारी अंगानं काट्या लावून घ्या, म्हंजी पाण्यापातुर कुणी यायचं न्हाय."

तात्या शेजारी बसले होते. ते काठी टेकून उठू लागले. त्यांना बोलावं लागू नये म्हणून मीच घाईने उठले.

"नेऊ देत की मासं, आबा," मी म्हणाले. "पुन्हा सोडीन. पर ह्या पाण्याच्या वाटंवर काटी पडायची न्हाय. मी जित्ती हाय तवर तरी न्हाय."