सिस्टरांचा चहा
संत्रा बर्फीचा डबा उघडला, की मला हुडकेश्वरकडचा एक दवाखाना आठवतो. आईला मधुमेह होता आणि डॉक्टरांची वाट पाहत आम्ही तासभर बाकावर बसलो होतो. अचानक तिचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. साखर उतरली हे ओळखून तिने पिशवीतून बर्फीचा तुकडा काढला. तेवढ्यात सिस्टर गरजल्या, "शुगरच्या पेशंट ना तुम्ही, काकू? अन् इथंच बर्फी खाऊन राहिल्या?" "साखर उतरली वं बाई," आई पुटपुटली. "सगळे असंच म्हणतात," असं म्हणत त्यांनी तुकडा काढूनच घेतला. मी भांडायला उठलो, तोवर आईने सिस्टरांच्या टेबलावरचा चहा उचलून एका दमात संपवला होता. सिस्टरांनी घाईने साखर मोजायचं मशीन काढलं. आईच्या बोटाला लावलं तर साखर फक्त पंचावन्न! त्या ओशाळून म्हणाल्या, "अजून चहा मागवू काय, काकू?" आई म्हणाली, "मांगव, पण साखर जास्त टाकायले सांग. हा फिक्काच होता." आता मलाही मधुमेह आहे. दवाखान्यात गेलो की नंबर लावण्याआधी सिस्टरांचा कप कुठे ठेवलाय, ते मी पाहून घेतो.