आवाजावर नेम

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी अमिरातीतल्या अल ऐन शहराबाहेरच्या एका खाजगी शूटिंग क्लबमध्ये स्टोअर सांभाळत असे. बंदुका, काडतुसं, कपाटांच्या चाव्या, सगळं माझ्या सहीनं आत-बाहेर व्हायचं. सुरुवातीला बाईमाणूस बघून लोक बिचकत. नियम मोडणाऱ्यांना मी दोनदा सर्वांदेखत बाहेर काढल्यावर बिचकणं थांबलं.

क्लबच्या मालकांना आम्ही अरबाब म्हणायचो. त्या हिवाळ्यात त्यांना परदेशात हरणांच्या शिकारीला जायचं होतं आणि तिथे ठरावीक दिवसांत फक्त ठासणीच्या बंदुकीला परवानगी होती. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी बसवायची, गजानं खालपर्यंत ठासायची, मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, लावायची आणि मग चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून.

"आमच्या गावी वडलांकडे आहे तसली," मी सहज म्हणाले. बाबा नेमके तेव्हा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आलेले होते. अरबाब खूश झाले.

"तुम्हारा बाबा शिकारी? यल्ला, लेके आओ! वो पसंद करेगा."

बाबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती. आमची बाग कुडाळजवळ, ओढ्याच्या कडेला. रानडुकरं रात्री येऊन सुरण, रताळी उकरून टाकायची आणि बाबा मचाणावर बसायचे. गावात त्यांच्या नेमाचा दबदबा होता. मला बंदूक भरायला त्यांनीच शिकवलं. त्यामुळे त्यांना क्लबवर घेऊन जाताना मला अभिमान वाटत होता, हे सांगितलं पाहिजे. इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळपासून तयार बसले होते.

निवडायला दोन बंदुका आल्या होत्या. एक आखूड, तिच्या नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, घट्ट पिळाचे, लांबट गोळीसाठी. दुसरी लांब आणि जड, आटे सैल पिळाचे, कापडात गुंडाळलेल्या गोल शिशाच्या गोळीसाठी. बाबांनी दोन्ही उचलून तोलल्या, दस्ता खांद्याला लावून बघितला, नळीच्या तोंडात करंगळी घालून आतले आटे चाचपले.

"ही," लांब बंदुकीवर थाप मारून ते म्हणाले. "दुसरी तोंडाकडे हलकी हा. वाऱ्यात नाचतली."

मी हिंदीत भाषांतर केलं. अरबाबांनी मान डोलावली. त्यांना निशाणेबाजी आणि शिकार दोन्हीसाठी एकच हवी होती, त्यामुळे निवड बरोबरच होती.

मग ती लावून घ्यायचं काम. ठासणीची नवी बंदूक पेटीतून काढली आणि शिकारीला नेली असं होत नाही. तिला किती दारू मानवते ते शोधावं लागतं. कमीपासून सुरुवात करून थोडी थोडी वाढवायची, आणि कुठल्या मापाला गोळ्या एकमेकींजवळ पडतात ते बघायचं. दारू मापानंच घ्यायची, डोळ्यांच्या अंदाजानं नाही. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. म्हणून टेकल्यावर गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवायची. दर बारानंतर ओल्या फडक्यानं नळी पुसायची. हे सगळं जमलं की शेवटी नेम लावायचा.

बाबा माप बघून हसले. "औषध पाजतंस काय गो तिका?"

"तुमच्या बंदुकीत छर्रे आणि काथ्या जातो, बाबा. हिची तब्येत नाजूक आहे."

टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना बसवलं. अरबाब मागे खुर्ची टाकून बसले. बाबांनी पहिला बार काढला. धूर विरल्यावर मी दुर्बिणीतून बघितलं, तर कागद कोरा. दुसरा बार झाला, तरी कोराच. तिसरी गोळी कागदाच्या बऱ्याच उजवीकडे मातीच्या बांधात घुसली.

"बंदूक वाकडी हा," बाबा म्हणाले.

नव्या बंदुकीचा नेम बाहेर असू शकतो. गोळी जिकडे न्यायची तिकडे नेम धरायची मागची खाचेची पट्टी सरकवतात. मी ती डावीकडे ठोकली. पुढचा बार वर गेला. त्याच्या पुढचा कुठे गेला ते कळलंच नाही. मी पुन्हा पट्टी ठोकली. अरबाबांनी घड्याळ बघितलं.

शेवटी मी स्वतः बसले आणि तीन बार काढले. तिन्ही गोळ्या डाव्या कडेला, एका मुठीत मावतील अशा बसल्या. म्हणजे बंदूक सरळ होती. पट्टी मीच दोनदा डावीकडे नेली होती, आणि गोळ्या इमानदारीनं तिकडे गेल्या होत्या.

बाबांचा हात थरथरत असेल असं मला वाटलं. वय झालं होतं. पट्टी मूळ जागी आणून मी बंदूक भरली, केप न लावता टेबलावर ठेवली आणि कागद बदलायला पुढे गेले. जुना कागद काढून परत आले तेव्हा लक्षात आलं की नवा कागद टेबलावरच राहिला. समोरची चौकट रिकामी होती. तिच्यातून पलीकडची माती दिसत होती.

बाबांनी तोवर दस्ता खांद्याला लावला होता. "केप दी," ते म्हणाले. "आता बघ. मधोमध मारतंय."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. डावा डोळा मिटून, श्वास रोखून ते रिकाम्या चौकटीवर नेम धरून बसले होते. कागद माझ्या कोपराखाली होता.

मग मी त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि अरबाबांना सांगितलं, "खलास आज. उन्हामुळे डोळे दुखतात त्यांचे." अरबाब समंजस होते. त्यांनी बाबांना खजूर दिले आणि बाबांची निवड पक्की केली.

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "बाबा, तुमका दिसता मा?"

"दिसता की."

"समोर आकडा काय लिहिलाय सांगा." रस्त्यावर वेगमर्यादेची भलीमोठी पाटी होती. त्यांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "वायच धुरकट दिसता. वयाप्रमाणे."

"मग मचाणावर काय करता?"

"रात्री कोणाक दिसता गो? आवाजार मारतंय मी. पाचोळो वाजलो की मारूचा. डोळे लागनत नाय त्येका."

"आणि तिथे माणूस असला तर?"

"माणूस खाकरता," ते शांतपणे म्हणाले. "आपल्या वाडीत काळोखात खाकारल्याशिवाय कोण बागेत येता?"

ते खरं होतं. आमच्याकडे काळोखात दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्याही बागेत शिरताना माणूस घसा खाकरतो, नाहीतर हाळी देतो. लहानपणापासूनची सवय. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. आणि मग आठवलं.

माझा भाऊ खाकरत नव्हता.

भावानं न विचारता फणसाची दोन झाडं विकली, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकांत अबोला होता. एका घरात राहून निरोप वहिनीमार्फत. ओढ्यावरचा पंप बंद करायला भाऊ रोज रात्री बागेतून, मचाणाखालून जायचा. मागच्याच फोनवर तो मला म्हणाला होता, "वर बसलेले असतात. मी बॅटरी लावत नाही, तोंडातून आवाज काढत नाही. मुकाट्यानं जातो, पंप बंद करतो, येतो."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून येणाऱ्यानं हॉर्न मारला.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला, पण शब्द आले ते हेच: "त्येका खाकरूक काय झाला?"

घरी आल्यावर मुलीला विचारलं, आजोबांना नीट दिसत नाही हे तुला माहीत होतं का. ती शाळेचा बूट काढत होती. "ऑफ कोर्स, मम्मा. आय रीड द क्लॉक फॉर हिम. ही सेड डोन्ट टेल." आठ वर्षांच्या पोरीला जे कळलं होतं, ते स्टोअरमधली गोळी न् गोळी मोजणाऱ्या मला कळलं नव्हतं.

मी भावाला फोन लावला, बाबांच्या समोर. म्हटलं, बाबांना दिसत नाही, ते पाचोळ्याच्या आवाजावर बार काढतात, तू खालून जातोस. मग तो म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यात एकदा छर्रे पोफळीवर बसले होते. माझ्या डोक्याच्या वर. मला वाटलं, त्यांनी मुद्दाम घाबरवलं."

मुद्दाम. तेव्हापासून तो हे मनात ठेवून त्याच वाटेनं, तसाच मुकाट जात होता. मला दोघांपैकी कोणाचा जास्त राग यावा तेच कळेना.

"बंदूक उद्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेव," मी म्हटलं. "इलेक्शनला जमा करतात तशी. बाबा परदेशात आहेत, घरात मुलं आहेत, सांभाळून ठेवा म्हणून सांग."

"मालकाशिवाय घेतील का?"

"घेतील. अर्ज कर, सरपंचांना घेऊन जा. पण घरात ठेवू नकोस."

बाबांनी हे सगळं ऐकलं. उठून आतल्या खोलीत गेले, आणि परत जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जावयाशी बोलायचे, नातीशी बोलायचे. मी चहा पुढे केला की घ्यायचे. विमानतळावर नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेले. डोळे दाखवू, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन इथेच करू म्हटलं होतं, तेही नाकारलं. मला वाईट वाटलं. पण भाऊ जिवंत होता, म्हणून ते चाललं.

गावी गेल्यावर ते दर महिन्याला ठाण्यावर जाऊन बंदूक मागत. तिथला हवालदार शहाणा निघाला. "डोळ्यांचा दाखला आणा, मग बघू," म्हणायचा. शेवटी त्या दाखल्यासाठी बाबांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आमच्या सांगण्यावरून नाही, बंदुकीसाठी.

त्यानंतर एका दुपारी ऑफिसमध्ये फोन आला. आधी भावाचा आवाज: "थांब, देतो." मग बाबा. वर्षभरानं.

"बंदूक आणूक गेललंय," ते म्हणाले. "हवालदारान हातात दिल्यान. मी ती उजेडात धरलंय."

"मग?"

"नळीक चीर हा गो. बुडाकडे. बोटभर लांब. किती वर्षांची हा कोणाक ठाऊक. आणि मी तिच्याजवळच गाल लावून मारी होतंय." माझ्या हातात पेन होतं, ते मी कशासाठी घेतलं होतं ते आठवेना. "थय ठाण्यातच ठेवन इलंय. भरतानासुद्धा माका कधी दिसली नाय."