फुसका फ्लॅश

माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात एक जुना कॅमेरा ठेवलेला आहे. फिल्मचा, पण ऑटोफोकसचा. जालन्याच्या एका फोटोग्राफरकडून मी तो वापरलेलाच घेतला होता. शेजारी त्याच्या तीन लेन्स. गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स काढायला येतं, उभ्या उभ्या कपाटाकडे बघतं आणि विचारतं, "चालू आहे का हो?" मी म्हणतो, "तो चालू आहे, बंद पडलं ते बाकीचं सगळं." हे उत्तर इतक्या वेळा देऊन झालंय की त्याचं आता मलाच हसू येत नाही.

दुकान बीबी नावाच्या गावात आहे. पाटीवर अजून 'फोटो स्टुडिओ' असंच लिहिलेलं आहे, पण पोट झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटोंवर चालतं. लग्नं ड्रोनवाल्यांनी नेली. त्यांच्याकडे एका लग्नाचे चार हजार फोटो असतात आणि त्यातला एकही कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. हे मी तोंडावर बोलून दाखवतो, म्हणून माझ्याकडे त्यांच्यातलं कोणी चहालाही येत नाही. वर्षातून एखादा मुदत संपलेला रोल अजून मी त्या कॅमेऱ्यात भरतो, शेतांकडे जाऊन संपवतो आणि धुवायला पुण्याला पाठवतो. महिन्याभरानं फोटो येतात. बायको म्हणते, नाद आहे. असेल.

तीन लेन्सपैकी एक झूम, पस्तीस ते ऐंशी मिलिमीटरची, रोजच्या राबत्याची. दुसरी पन्नासची, लहानशी, माझी लाडकी. तिच्यात माणूस लख्ख यायचा आणि मागचं सगळं विरघळून जायचं. तिसरी लांबची, तीनशेपर्यंत जाणारी. ती लावली की वऱ्हाडी आपण होऊन बाजूला सरकत आणि मला वाट देत. खरं तर मांडवाच्या अंधारात तिचा काडीचा उपयोग नसे, पण रुबाब होता.

आणि तो ऑटोफोकस. बटण अर्धं दाबलं की लेन्स घर्रर्र करत पुढेमागे फिरायची, फोकस सापडला की टीं टीं वाजायचं. नाही सापडला तर बोट मोडेपर्यंत दाबा, फोटो निघायचा नाही. चुना दिलेल्या भिंतीसमोर, दिवेलागणीच्या मांडवात तो असा अडून बसायचा आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो. लोकांचा मात्र त्या घरघरीवर भारी विश्वास. आवाज झाला म्हणजे फोटो निघाला.

त्याच विश्वासावर आम्ही एक गोष्ट करायचो. जालन्याच्या माझ्या उस्तादांनी ती मला कॅमेरा हातात देण्याआधी शिकवली होती. लग्नाला दोन रोल मिळायचे, म्हणजे बहात्तर फोटो. आणि मांडवात प्रत्येकाला फोटो हवा असायचा. नवरदेवाच्या मित्रांना, आचाऱ्याला, बँडवाल्यांना. नाही म्हणावं तर भांडण. मग काय करायचं, तर बटण अर्धंच दाबायचं. लेन्स घरघरते, टीं टीं वाजतं, आणि त्याच क्षणी अंगठ्यानं फ्लॅशच्या पाठीवरची तपासणीची कळ दाबायची. लख्खकन उजेड पडतो. फिल्म जागची हलत नाही. रोल पुढे सरकल्याचा आवाज तेवढा होत नाही, पण बँडच्या गोंगाटात तो कोण ऐकतो? आम्ही त्याला फुसका फ्लॅश म्हणायचो. चहा पिताना त्याचे किस्से सांगून हसायचो. मला त्याची लाज कधी वाटली नाही. सगळेच करत होते.

मागच्या वर्षी बाजाराच्या दिवशी एक बाई दुकानात आली. पन्नाशीची असेल. टोपल्यात उरलेली मेथी, हातात आधार कार्ड. मी झेरॉक्स काढेपर्यंत ती कपाटासमोर उभी होती.

"हाच तं हो तो कॅमेरा," ती म्हणाली. "याच्या डोक्शावर असा उभा लाईट होता."

मी कौतुकानं मान हलवली. ओळखणारं कोणी भेटलं की बरं वाटतं.

"तुमी मले वळखलं नसन, भाऊ. पाटलाच्या पोरीच्या लग्नात म्या पुऱ्या लाटाले होती. मायी पोरगी होती संगं, चार वर्साची. तिचा फोटू काढला होता तुमी."

माझ्या हातातला कागद मशीनवर तसाच राहिला.

"ते गेली त्याच साली. पोळ्याच्या आंदी. तापात गेली." तिनं हे फार जुनी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. "तिचा दुसरा कोनताच फोटू नाही मायापाशी. तुमी तवा म्हणलं होतं, पोरगी हालली म्हून खराब आला. हालेल असला तरी चालते, भाऊ. नुसती धुरावानी दिसली तरी चालते. निगेटिव्ह असली की आता कॉम्पुटरवर निंघते म्हणते मायं पोरगं."

मी म्हणालो, "लई जुनं आहे, ताई. पाहतो. पुढच्या बाजाराले या."

ती गेल्यावर मला राग आला, आणि तो तिचाच आला. इतक्या वर्षांनी कशाला हे उकरून काढायचं? त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर खेकसलो. कारण ती पोर मला आठवत होती. नीट आठवत होती.

लग्न मोठं होतं. पाटलांनी आधीच बजावलं होतं, फोटो घरच्यांचेच. दुपारी मी झूम लावून घराच्या भिंतीपाशी उभा होतो. ही बाई पिठाचे हात पदराला पुसत आली आणि म्हणाली, "माया पोरीचाबी एक काढा ना, भाऊ." पोरीला नवा लाल फ्रॉक होता. लग्नघरी कासार आला होता, त्यानं सगळ्या बायकांबरोबर तिलाही हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मी म्हणालो, "हालू नको. डोळे मिटू नको." ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. श्वाससुद्धा धरून ठेवला होता तिनं, गाल फुगलेले दिसत होते. घर्रर्र झालं. टीं टीं वाजलं. फोकस बरोबर तिच्या डोळ्यांवर होता. लेन्समध्ये इतकं सरळ बघणारा चेहरा लग्नाच्या गर्दीत क्वचित मिळतो, आणि माझ्या मनात एकदा आलंही, की काढावा. बोट बटणावर होतं, अर्धं दाबलेलं. आणखी अर्धंच दाबायचं होतं. पण दुसऱ्या रोलमध्ये सातच फोटो उरले होते आणि पाठवणी व्हायची होती. मी अंगठ्यानं मागची कळ दाबली. उजेड पडल्यावरही ती तशीच ताठ उभी होती. झालं का, असं तिनं आईला विचारलं, आणि मग श्वास सोडला.

महिन्याभरानं ती बाई पोरीला कडेवर घेऊन दुकानात आली. दुकानात दोनचार माणसं बसलेली होती. मी तेव्हा तिशीतला, तोंडाळ, चार माणसांत हशा पिकवण्याची हौस असलेला. फोटो मागितल्यावर मी पोरीकडे बोट करून म्हणालो, "ह्ये हालली ना, म्हून खराब झाला." पोरीनं जोरात मान हलवून नाही म्हटलं. मी म्हणालो, "पाहा, आताबी हालूनच राह्यली!" सगळे हसले. बाईही कसनुसं हसली आणि गेली. हे मी पुढे किस्सा म्हणून कितीदा तरी सांगितलं आहे.

तर आता मी निगेटिव्ह शोधायला बसलो. फोटो नाही हे मला माहीत होतं. पण बहात्तर फोटोंत कुठेतरी, कोणाच्या तरी मागे, ती आली असेल. मांडवात पोरं कुठे नसतात! पत्र्याची ट्रंक काढली. दमट हवेनं काही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या लग्नाच्या मात्र धड होत्या. मोबाइलचा पडदा पांढरा करून त्यावर एकेक पट्टी ठेवली आणि भिंगानं बघत गेलो.

आधी लांबच्या लेन्सचे फोटो बघितले, कारण आशा तिथेच जास्त होती. गच्चीवर चढून मी पंगतीचे तीन काढले होते. पण ऑटोफोकसनं नेमकी मांडवाची झालर धरली होती. झालरीचा धागा न् धागा मोजता येत होता आणि मागची दोनशे माणसं नुसते रंगाचे डाग. मग पन्नासच्या लेन्सचे. नवरदेवाच्या भुवईचा केस दिसत होता, आणि त्याच्या मागे सगळं विरघळलेलं. ज्या विरघळण्यावर मी जीव टाकत होतो, त्यात आता एक चार वर्षांची पोर शोधत होतो. एका फोटोचे रंग संगणकावर उलटे केले, तर लाल काहीतरी दिसलं. दोन दिवस मी त्याला फ्रॉक समजून धरून बसलो. ती बादली निघाली.

शेवटी झूमचे. नवरीला मामा मांडवाकडे नेतायत, तो फोटो. उजव्या कडेला, अगदी काठावर, एक लहानसा हात. कोपरापासून पुढचा. त्यावर चार जांभळट-गुलाबी रेघा. रंगीत निगेटिव्हवर हिरवं तसं दिसतं. संगणकावर रंग उलटे केले आणि त्या बांगड्या हिरव्या झाल्या. हात इतका स्पष्ट होता की नखातली हळद दिसत होती.

मी आनंदानं बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मामांची टोपी वरून कापली गेली आहे. एवढी ढोबळ चूक मी करत नसे. झूम गरजेपेक्षा जास्त ओढलेली होती. हे मी एकाच कारणानं करायचो. कडेला कोणी नको असलेलं माणूस आलं, तर त्याला बाजूला हो म्हणण्याऐवजी रिंग फिरवायची आणि त्याला चौकटीबाहेर काढायचं. पोर तिथेच उभी होती, पूर्ण, चेहऱ्यासकट. मी तिला बाहेर काढलं. हात तेवढा राहिला. बायको येऊन म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही."

पुढच्या बाजाराला बाई आली. मी हाताचा तो तुकडा मोठा करून, लॅमिनेशन करून ठेवला होता. तिनं तो दोन्ही हातांत धरला. पहिल्यांदा तिला कळेना. मग ती खुर्चीवर बसली.

"हाव. हा तिचाच. कासारानं भरल्या होत्या, उतरूच देत नोती." तिनं लॅमिनेशनवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग वर बघितलं. "अन् तो दुसरा? हाललेला?"

सापडला नाही, असं मी म्हणू शकलो असतो. ट्रंकेत पाणी गेलं, असंही. अख्ख्या आठवड्यात मी सात-आठ उत्तरं तयार केली होती. पण त्या सगळ्यांत पोर हललेलीच राहत होती.

"ताई, तो म्या काढलाच नोता," मी म्हणालो.

"मंग तो लाईट कायचा पडला होता आमच्यावर?"

मी कपाट उघडलं, कॅमेरा काढला, विक्रीतले चार सेल फ्लॅशमध्ये घातले. फ्लॅश बारीक शिट्टीसारखा आवाज करत भरला. तिच्याकडे रोखून बटण अर्धं दाबलं. घर्रर्र. टीं टीं. अंगठ्यानं मागची कळ दाबली. दुकानभर उजेड झाला. तिनं डोळे मिटले नाहीत. मग मी कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडून तिच्यासमोर धरलं. आत काळा रिकामा खण होता.

मला वाटलं ती ओरडेल. शिव्या देईल. त्या मी घेतल्या असत्या, मला हव्याच होत्या.

ती त्या खणाकडे बघत म्हणाली, "म्हंजे ते हालली नोती."

"नाही, ताई. जरासुदिक नाही."

तिनं लॅमिनेशन पदराखाली घेतलं आणि उठली. दारापर्यंत गेली, आणि तिथून, माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"तुमच्या दुकानातून निंघालो अन् रस्त्यातच मारलं होतं म्या तिले. दोन चापटा. रडत रडत म्हणे, माय, म्या नाही हालली वं. म्या म्हणलं, खोटं काऊन बोलून राह्यली? फोटूवाला कायले खोटं बोलन?"