बंबावरचं नाव

११ मार्च १९७३, रविवार. सकाळी रेशनचा मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, निवडत बसले होते. त्यात खडे इतके, की सुट्टीशिवाय ते काम उरकत नाही. दुष्काळात गाव सोडून आलेली, यमुनाबाईंच्या खोलीत राहणारी सखू अंगणात येऊन उभी राहिली, काखेत तान्हं मूल. "बाई, यमुनाबाई गेल्या. सिव्हिलात. आत्ताच." मी सूप खाली ठेवलं नाही. उरलेला मिलो निवडला, डब्यात भरला आणि मग चपला घातल्या. आज काही आठवड्यांनी हे लिहिताना त्या पाच मिनिटांची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्याआधीच्या दीड महिन्याची.

यमुनाबाई आमच्या भिंगारच्या मुलींच्या शाळेत शिपाई होत्या. मी तिथे शिवण शिकवते. शोकसभेत त्यांना तीन वक्त्यांनी माउली म्हटलं. माउली वगैरे काही नव्हत्या त्या. चांगल्या फटकळ होत्या. मुलींनी चिंध्या जमिनीवर टाकल्या की दारातूनच ओरडायच्या, "ही काय तुमच्या बापाची पेठ हाय का गं?" मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा वारल्यावर दोन पोरी घेऊन भिंगारला आल्या तेव्हा नोकरी लगेच मिळाली, पण खोलीची अनामत भरायला काही नव्हतं. अकरा दिवस तिघी एस.टी. स्टँडवर राहिल्या. तिथून उठून त्या शाळा झाडायला यायच्या, आणि शाळेत कोणाला पत्ता नव्हता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मशीन पुसता पुसता, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तेलाची बाटली कुठं ठिवली?"

गेल्या वर्षी पाऊस पडलाच नाही. पूर्वेकडची, पाथर्डीच्या बाजूची माणसं हमालीला, धुण्याभांड्याला भिंगारात येऊ लागली. काम मिळायचं, खोली मिळायची नाही. चाळमालकांनी एका महिन्याच्या जागी सहा महिन्यांची अनामत मागायला सुरुवात केली. माणसं वाढली तसा भाव वाढला, कांद्याचा वाढतो तसा. ज्याच्या घरात ज्वारी संपली म्हणून तो गाव सोडून आला, त्याच्याकडे सहा महिन्यांचं भाडं एकदम कुठून असणार, हा प्रश्न एकाही मालकाला पडला नाही.

एका दुपारी यमुनाबाईंनी मला गाठलं. "बाई, तुमच्या माळ्यावर तांब्याचा बंब हाय न्हवं?"

"आहे. स्टोव्ह आल्यापासून वापरत नाही."

"मंग तिथं बसून काय अंडी घालतोय का? द्या हिकडं, कामाला लावते त्याला."

अशी पाच घरांची तांब्याची भांडी त्यांनी बाहेर काढली. पैशांऐवजी भांडं मालकाकडे ठेवायचं आणि कुटुंबाला खोलीत घालायचं. भाडं ज्याचं त्याने भरायचं. कुटुंब परत गेलं की भांडं सोडवून दुसऱ्या कुटुंबासाठी ठेवायचं. पाचही भांडी एकाच मालकाकडे होती. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. कागद कुठेच नव्हता. भांडं देता-घेताना चिठ्ठी लिहायची म्हणजे समोरच्याचा अपमान, अशी आपली रीत. आणि आम्ही पाचही जणींनी घरी काही सांगितलं नव्हतं. घरातलं तांबं दुसऱ्याच्या दारात गेलं म्हणजे घराची पत गेली, असं पुरुषांना वाटेल ही आमची समजूत. मी यांना सांगितलं होतं, बंब गळतो, तांबटाकडे डाग द्यायला टाकलाय.

जानेवारीत माझ्या बंबावर राहणारं कुटुंब पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर, आपल्या गावाकडे परतलं. यमुनाबाई पुढच्या कुटुंबासाठी बंब सोडवायला गेल्या. अण्णांनी तो उलटा करून बुडावरचं नाव वाचलं. लग्नातल्या भांड्यावर असतं तसं यांचं नाव, त्याखाली लग्नाची तारीख. "हे नाव तुझं हाय का? ज्यांचं हाय त्यांना पाठव, मग देतो." पुढे बाकीची कुटुंबंही परतली; त्या चार भांड्यांनाही हेच उत्तर. अण्णांना पुरतं ठाऊक होतं, की नाववाले कधी येणार नाहीत.

यमुनाबाई माझ्याकडे तीनदा आल्या. पहिल्यांदा मी म्हटलं, बघू. दुसऱ्यांदा म्हटलं, परीक्षा होऊ द्या. तिसऱ्यांदा त्या शिवणाच्या वर्गात दारातच उभ्या राहिल्या. "सखू बाळंतीण हाय, बाई. शाळंच्या वऱ्हांड्यात पडलीय. मोठ्या बाईंनी तिला उद्याच्याला हलवाया सांगितलंय. साहेबांस्नी नुसतं एकदा अण्णाच्या दारात उभं ऱ्हायला सांगा."

"जरा थांबा, यमुनाबाई. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही."

"व्हय. मला न्हाई ठाव," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सखूला अण्णांच्याच चाळीतल्या स्वतःच्या खोलीत नेलं. पोरी केव्हाच सासरी गेलेल्या, पण खोली एवढीशी, त्यात सखू, तिचा नवरा, सासू, मूल. स्वतः शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोडक्या बाकांशेजारी राहू लागल्या. फेब्रुवारीची थंडी, पत्रा, वय पंचावन्नच्या पुढे. खोकला सुरू झाला तेव्हा मी त्यांना काढा दिला. काढा! बंब सोडवायचा सोडून मी काढा दिला... न्युमोनिया झाल्याचं सिव्हिलमध्ये नेल्यावर कळलं.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. अण्णाही बोलले. "गोरगरिबांसाठी यमुनाबाईंनी माझ्याकडे जे मागितलं, त्याला मी कधी नाही म्हटलं नाही." टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत म्हणून वाजल्या नाहीत. आम्ही पाचही जणी पहिल्या दोन रांगांत होतो. कोणीच उठलं नाही. बाहेर पडताना सखू भेटली. अण्णांचा निरोप आला होता: खोली यमुनाबाईच्या नावावर होती, ती मेली, दोन दिवसांत खाली करा.

घरी आल्यावर मी यांना चहा दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "डाग द्यायला तांबट सहा महिने लावतो होय? मला दिवाळीतच कळलं होतं. म्हटलं, तू आपण होऊन सांगशील."

मला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका अण्णांचाही आला नव्हता. आणि माझा स्वतःचा तर विचारूच नका. ज्या भीतीपायी एक बाई पत्र्याखाली खोकत राहिली, ती भीती नव्हतीच. विचारायला चार शब्द लागले असते. मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, आणि दोघं आपापल्या जागी समजूतदार राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी अण्णांच्या ओट्यावर होते. "साहेब नाही आले?" त्यांनी विचारलं.

"साहेब दाढी करताहेत. नाव त्यांचं आहे, बंब माझ्या मामांनी दिलेला आहे. तो इथेच राहू द्या, पण सखूच्या खोलीपोटी. आणि हे लिहून द्या." वहीतला कागद मी नेला होता. ते हसले, अपमान झाल्यासारखं तोंड केलं, म्हणाले, "बाई, आपल्यात कागद कशाला?" मी पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कालचं त्यांचं भाषण त्यांनाच म्हणून दाखवलं. त्यांनी सही केली. माझ्याबरोबर आलेल्या सखूचा अंगठा घेतला. अजून चार भांडी आत होती आणि चाळीत दोन खोल्यांना कुलूप होतं. कागद पर्समध्ये टाकून मी बाकीच्या चौघींपैकी पहिलीच्या घराचं दार वाजवलं. दार नवऱ्यानेच उघडलं आणि सवयीने आत हाक मारायला वळला.

"वहिनींना नका बोलावू," मी म्हटलं. "मला तुमच्याशीच बोलायचंय."