डोळा मारणारी माळ

गल्लीत तिला सगळे बॅटरीमावशी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, पण का ठेवलं ते सांगायला नको. जन्मभर तिने एका सिनेमा थिएटरात लोकांना अंधारात खुर्च्या दाखवल्या. हातात बॅटरी, पायात आवाज न करणाऱ्या चपला आणि तोंडाला कुलूप. खेळ सुरू असताना बोलायचं नाही, उजेडाच्या खुणेने काम भागवायचं, हा तिथला नियम. उशिरा आलेला माणूस कितीही मोठा असो, मावशीने त्याच्या पायाशी उजेडाचा ठिपका टाकला की तो मुकाट तिच्यामागे चालू लागे. पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसणाऱ्यांच्या बुटांवर ती तो ठिपका असा काही नाचवी की पाय आपोआप खाली येत.

थिएटर बंद पडलं आणि मावशी घरी बसली. नवरा आधीच गेलेला. घर काटकोनात बांधलेलं. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला तिची नणंद. या वन्संनी लग्न केलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात गल्ल्याशी उभं राहून त्यांनी भिंगं पुसली, ती सवय हाताला कायमची चिकटली. त्यांच्या खिडकीची काच इतकी लख्ख असे की चिमण्या येऊन आपटत. एकदा मावशीही आपटली होती.

दोन घरांच्या मधल्या अंगणात एक बाक होता. दुपारी चहाचे कप मधे ठेवून दोघी तिथे बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेत. कुणाची चाल, कुणाची छत्री, कुणाच्या नव्या सुनेचा तोरा. त्या बाकासमोरून जाताना अब्रू शाबूत ठेवून गेलेला माणूस विरळा. हा उद्योग सुखाने चालला होता, तोवर मावशीच्या डोक्यात ओसरीच्या कठड्याला सौर दिवे लावायचं आलं.

दोघी मिळूनच दुकानात गेल्या. दुकानदाराने नाना तऱ्हा काढून दाखवल्या. एकात प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर आपापलं पॅनेल, दुसऱ्यात दिव्यांची माळ वेगळी आणि वायरीने जोडलेलं पॅनेल वेगळं. वेगळं असलेलं बरं, तो म्हणाला, पॅनेल उन्हात ठेवा आणि माळ हवी तिथे. इथवर दोघींचं एकमत होतं. पण मावशीला पिवळा उजेड हवा होता, खेळ सुरू होण्याआधी थिएटरच्या भिंतींवर असे तसा. वन्संना पांढरा हवा होता. पिवळ्यात माणूस काविळीचं दिसतं, त्या म्हणाल्या. शब्दाने शब्द वाढला आणि भर दुकानात वन्संच्या तोंडून निघून गेलं, "तुझं अख्खं आयुष्य अंधारात गेलं, वहिनी. उजेडातलं तुला काय कळतंय?"

दुकानदार हसला. तिथेच ठिणगी पडली. मावशीने पिवळी माळ घेतली आणि वाटेतच मनाशी ठरवलं, आता पहिला शब्द वन्संनी बोलायचा. नाही बोलल्या तर बोलणं बंद, कायमचं. वन्संनाही आपली जीभ घसरल्याचं कळलं होतं, पण चूक कबूल करायची म्हटली की त्यांची दातखीळ बसे.

पहिल्या संध्याकाळी माळ लागलीच नाही. पॅनेलच्या पाठीमागे एक बटण असतं आणि ते दाबावं लागतं, हे मावशीला दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून कळलं. तोवर समोरची वन्संची खिडकी फार हलक्या हाताने बंद झाली होती. आवाज न करता बंद केलेली खिडकी किती बोचते, ते भोगणाऱ्यालाच माहीत.

मग माळ लागली आणि छान लागली. मावशीने पॅनेल वन्संच्या खिडकीकडे तोंड करून ठोकलं, कारण दिवसभराचं ऊन त्याच बाजूने येई. रोज सकाळी मऊ ओल्या फडक्याने ते ती गोल गोल पुसे. साबणाची पूड लावली तर ओरखडे पडतात, हे दुकानदाराने बजावलं होतं. पक्ष्यांची शीट, धूळ, वाळकं पान, काही राहू देत नसे. वरून लोंबणारी वेल तिने छाटून टाकली, सावली नको म्हणून.

पण बाक सुना पडला होता. म्हणजे बसत दोघी, पण पाळ्या लावून. एक सकाळी, एक दुपारी. मावशीच्या पोटात गोष्टी साठत चालल्या. पोस्टमनने मिशी काढली आणि सोललेल्या बटाट्यासारखा दिसू लागला, आणि हे सांगायला माणूस नाही! एकटीने हसून पाहिलं, पण त्यात राम नव्हता. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरला सांगितलं, तर तो म्हणाला, बरा दिसतो की. अशा माणसापुढे काय बोलायचं?

तशातच एका चिमणीने वन्संची काच तडकवली आणि वन्संनी नवी, आणखी लख्ख काच बसवून घेतली. त्याच संध्याकाळी माळ लागली, लगेच विझली, पुन्हा लागली, पुन्हा विझली. रात्रीपर्यंत हाच खेळ. गल्लीत लोक थांबून पाहू लागले. कंपाउंडर म्हणाला, "मावशी, या वयात नणंदेला डोळा मारता?"

मावशी तणतणत दुकानात गेली. दुकानदाराने सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की माळेत दोष नाही. तिचाच उजेड समोरच्या काचेवरून परतून पॅनेलवर पडतो. पॅनेलला वाटतं सकाळ झाली, म्हणून ते माळ विझवतं. विझली की पुन्हा अंधार, की पुन्हा लागते. पॅनेल जरासं फिरवा, संपलं.

मावशी घरी आली, संध्याकाळ व्हायची वाट पाहिली आणि पॅनेल फिरवायला हात घातला. माळेने डोळा मारला आणि त्या उजेडात तिला दिसलं, वन्संच्या पडद्याचा कोपरा बोटभर उचललेला आहे. अंधारात बसलेला प्रेक्षक ओळखायला मावशीला बॅटरी लागत नव्हती. तिने हात मागे घेतला.

त्यानंतर रोज माळ डोळा मारी आणि रोज पडद्याचा कोपरा उचलला जाई. पण शब्द काही फुटेना. मावशीने विचार केला. थिएटरात लोक मिठाची गुळणी धरल्यासारखे बसत, पण मधेच रीळ तुटलं की एरवी तोंड न उघडणारा माणूससुद्धा ओरडे. तिने पॅनेलमागचं बटण बंद करून टाकलं.

पहिल्या संध्याकाळी पडदा उचलला गेला, बराच वेळ तसाच राहिला आणि पडला. खेळ संपला समजून प्रेक्षक उठून गेला तर? मग तो बाक आणि तो बटाटा, दोन्ही जन्मभर एकटीच्याच गळ्यात. दुसऱ्या दिवशी अंधार पडताच ती हार मानून बटण दाबायला निघाली, तेवढ्यात दार वाजलं.

दारात वन्सं. "माळ का बंद आहे?"

मावशीने ओठ घट्ट मिटून घेतले. एका शब्दावर भागवणार नव्हती ती.

"बरी आहेस ना? पडलीबिडली नाहीस ना कुठे?"

"वन्सं, तुम्ही आधी बोललात."

"बोलले. लाव आता दारावर तशी पाटी." वन्सं आत येऊन बसल्या, चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. स्वच्छच होता. "त्या दिवशी दुकानात... तुला अंधारातलंही दिसतं, असं म्हणायचं होतं मला."

"दिसतं तर. पडद्यामागे उभं राहून पाय दुखले असतील, तेही दिसतं."

वन्सं कानापर्यंत लाल झाल्या. पिवळ्या उजेडात कळलं नसतं, पण माळ अजून बंद होती आणि घरातला दिवा पांढरा होता. मावशीला दया आली. म्हणाली, उद्या पॅनेल फिरवून टाकते, म्हणजे हा डोळा मारण्याचा तमाशा थांबेल.

"हात लावू नकोस त्याला," वन्सं म्हणाल्या. "रोज सकाळी मी ती काच घासते ती काय चिमण्यांसाठी?"

दोघी बाहेर आल्या. मावशीने बटण दाबलं आणि दोघी बाकावर बसल्या. माळेने डोळा मारला. मावशीने पोस्टमनची मिशी काढली ती पार बटाट्यापर्यंत नेली, आणि वन्सं इतक्या हसल्या की समोर कंपाउंडर दुकान बंद करता करता थांबला. मग त्याचीही हजेरी झाली.

उठताना वन्सं म्हणाल्या, "आणि ते पॅनेल गोल गोल नको पुसूस. सरळ पुसायचं असतं. बघून बघून जीव गेला माझा."