मशीनला मीच ओवाळलं

सेनगावच्या रस्त्याला तवा एक दाल मिल होती. दोन हजार सालाच्या आगंमागं म्हणा. तिथं आमी बावीस बाया डाळ निवडायला होतो, आन त्या बावीसजणींना गावातून, तांड्यावरून गोळा करून आणणारी मी. कुणाचं लेकरू तापलं, कुणाचा नवरा कामाला जाऊ नको म्हणतो, की बाई माझ्याकडं यायची आन मी मॅनेजरकडं जायची. मॅनेजर काही परका नव्हता. माझा चुलत दीरच. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, तीही त्या बाविसातली. नवरा मॅनेजर म्हणून तिला सावलीची जागा मिळत असंल, असं समजू नका. लोक बोलतील म्हणून तो तिला दारातल्या उन्हात बसवायचा. ती सुपाआड तोंड करून बसायची आन कधी कुरकुर करायची न्हाई.

तूर आली की तिला तेलपाणी लावायचं, आवारात पसरायची, पायानं वरखाली करायची. मग गिरणीत ती फुटून डाळ व्हायची. शेवटचं काम आमचं. काळा दाणा, खडा, न सोललेली तूर, डागी डाळ, सगळं बोटानं बाजूला काढायचं. आन बोटाच्या आधी नाक. भिजून वाळलेल्या तुरीची डाळ दिसायला पिवळीधमक असते, तेल लावल्यावर तर जास्तीच. डोळ्याला काही कळत न्हाई. पण मूठभर डाळ घ्यायची, मुठीत तोंडाची वाफ सोडायची आन लगेच नाकाला लावायची. खराब असंल तर आतून कुबट वास उठतो. हे मला कुणी शिकवलं न्हाई. भिजलेल्या धान्याच्या भाकरी खाऊन जे लहानाचं मोठं झालं त्याला ते आपोआप येतं. माझ्या नाकावर मिलचे शेठ पोती बाजूला काढायचे, हे मी फुशारकीनं सांगत न्हाई. सगळ्या मिलला ठाऊक होतं.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी ट्रकमधून कपाटाएवढी मशीन उतरली. काच लावलेली, आत दिवे.

“हे काहून आणलं भावजी?” मी दिराला इचारलं.

“वहिनी, ही रंग ओळखती. ठोकळ घाण ती काढंल, बारीक काम तुमच्याकडंच. आता माल दुपटीनं येतो का न्हाई बघा. अजून दहा बाया नजरंत ठेवा.”

मी नजरंत ठेवल्या. तांड्यावर जाऊन दहाजणींना शब्दही देऊन आले. एकीनं माझ्या शब्दावर, आपण कामाला गेल्यावर घर बघायला कुणी पाहिजे म्हणून, सुनंला माहेरी धाडायचं मागं टाकलं. दीर आपला, मग शब्द कच्चा कसा असंल?

खंडेनवमीला आमच्याकडं औतं, कोयते, सुपं, सगळ्याची पूजा. मिलमधी नव्या मशीनचीही पूजा ठरली. दीर म्हणाला, “वहिनी, तुमी मोठ्या. तुमच्या हातानं ओवाळा.” बायांनी एकेक नारळ आणला होता, मीच सांगितलं होतं आणायला. मी मशीनला हळदकुंकू लावलं, तीन डाव निरांजन फिरवलं आन मोठ्यानं म्हणाले, “बरकत दे बाई.” तांड्यावरची एक मैतरीण होती माझी, मला याडी म्हणायची, त्यांच्यात आईला याडी म्हणत्यात. ती मागून म्हणाली, “याडी, हिच्या तोंडात साखर घाल, म्हंजी आपल्याला चावणार न्हाई.” सगळ्या हसल्या. दीरही हसला. ते हसणं मी अजून विसरले न्हाई.

भाऊबीज झाली आन दुसऱ्या दिवशी आमी डबे घेऊन गेलो, तर फाटक लावलेलं. दीर आत उभा.

“बायांनो, झाडलोटीला दोघी पुरत्यात आता. बाकीच्यांनी घर बघा.”

“भावजी, तुमाला हे ठाऊक होतं?”

तो माझ्याकडं बघंना. आपल्या स्कूटरकडं बघत म्हणाला, “शेठ म्हणले होते सांगू नका. दिवाळीचा माल निघायचा होता. आधी कळलं असतं तर तुमी हात आखडते घेतले असते, वहिनी.”

म्हंजी चुकून झालं नव्हतं. माझ्या तोंडून दहा बायांचं गाजर दाखवून आमच्याकडून दिवाळीपर्यंत काम काढून घेतलं होतं. जाऊ माझ्या शेजारीच उभी होती, हातात डबा. तिलाही घरात त्यानं सांगितलं नव्हतं. तिनं फक्त डबा ह्या हातातून त्या हातात घेतला आन वळून चालू लागली.

काम गेलं ते गेलं. त्याच्यापेक्षा माझा शब्द गेला, ते वाईट. हापशावर मी गेले की बाया गप व्हायच्या. एक म्हणाली, “ओवाळायची लई हौस होती.” संक्रांतीचं वाण घेऊन मी दारोदार हिंडले, तर वाण घेतलं, पण बस म्हणायला कुणी तयार न्हाई. तांड्यावरची मैतरीणसुद्धा म्हणाली, “याडी, तुझ्यावर राग न्हाई. पण आता तू सांगितलेलं आमी ऐकणार न्हाई.”

त्या दिवशी मी ठरवलं. दिराचं वाटोळं व्हावं असं मी कधी म्हणाले न्हाई. वाटोळं म्हंजी लई पसरट गोष्ट. मला नेमकं पाहिजे होतं. माझा शब्द जसा मेला, तसा त्याचा मरावा, आन तो त्याच्याच तोंडानं मरावा. घरी आमचे मालक म्हणायचे, सोड आता, भावकी हाय. मी म्हणायची, सोडते, तुमी जेवा.

उन्हाळ्याच्या तोंडाला कळलं की वसमतकडं, कुरुंद्याला, हळद काढायला बाया लागत्यात. दोन महिने तिथंच राहायचं, गड्डे आन हळकुंडं मोडून वेगळी करायची. मी सगळ्यांना इचारलं. एकीनं तोंडावर इचारलं, “आता तिथं कुणाला ओवाळायचं?” एकही आली न्हाई. मी एकटी गाठोडं घेऊन एसटीत बसले. दोन महिने परक्या बायांत काढले, बोटं पिवळी करून आले, काम शिकून आले. पण बाया नसलेली मी म्हंजी मेंढरं नसलेला धनगर. काय उपयोग?

पुढच्या वर्षी तूर कापून शेतात पडली आन अवकाळी आला. तीन दिवस झोडपलं. सगळ्यांची तूर भिजली, आन भिजलेली तूर वाळवून लोकांनी मिलला घातली. मी मनात म्हणाले, आता बघू तुझ्या मशीनला.

एके दिवशी दुपारी दीर दारात. वर्षभरात पहिल्यांदा. मी बाज टाकली, चहा ठेवला. दारात आलेल्याला चहा न्हाई असं आमच्या घरात झालेलं न्हाई, मग तो कुणीही असो. त्यानं पिशवीतून डाळ काढली.

“वहिनी, जरा वास बघा. मशीननं पास केली, पण मला शंका येऊन राहिली. शेठ म्हणत्यात, तू जबाबदारी घेत असशील तर गाडी भरू.”

“काहून, मशीनला नाक बसवलं न्हाई का?”

“थट्टा नका करू. गाडी उभी हाय तिकडं.”

“बघते. पण मी काय म्हणते भावजी, बायांना परत बोलवायचं काही?”

“ते बघू पुढं,” तो म्हणाला, आन बशीत चहा ओतला.

तो व्हय म्हणाला असता तर मी खरं सांगितलं असतं. निदान मला तसं वाटतं. मी मूठभर डाळ घेतली, वाफ सोडली, नाकाला लावली. पावसात भिजलेली घोंगडी महिनाभर कोपऱ्यात दाबून ठेवावी, तसा वास. पहिल्याच श्वासाला. मी अजून एकदा घेतला, उगीच, त्याला वाट बघायला लावायची म्हणून. मिलच्या दारातल्या उन्हात बसलेली माझी जाऊ मला डोळ्यापुढं दिसली, फाटक दिसलं, त्याचं हसणं दिसलं.

“फुलासारखी हाय भावजी. बिनघोर भरा.”

“तुमच्या नाकाला तोड न्हाई,” तो म्हणाला आन खुशीत गेला. मी त्याची कपबशी घासली.

पंधरा दिवसांत अख्खी गाडी परत आली. शेठनं हमालांच्या देखत त्याला म्हणलं, “तुझ्या शब्दावर भरली होती.” त्यानं माझं नाव सांगितलं असंल, तर शेठ म्हणले असतील, कामावरून काढलेल्या बाईला इचारायला गेलास कशाला? महिन्याच्या आत त्याच्याकडून मिलची किल्ली काढून घेतली, मॅनेजरकी गेली. दोन वर्षांनी मिलही बंद पडली, शेठ मोठ्या शहरात गेले. ते काही माझ्यामुळं झालं न्हाई. एवढी ताकद माझ्या शब्दात असती तर मी आधी फाटक उघडून घेतलं असतं. ती डाळ कुणाच्या ताटात पडली असती तर, हा इचार तवा माझ्या डोक्यात आला नव्हता. नंतर आला. ते पाप माझं, मी ते दुसऱ्याच्या पदरात टाकत न्हाई. पण दिराबद्दल मला तवाही काही वाटलं न्हाई आन आताही न्हाई.

आता नाती मला इचारतात, आजी, दाल मिल गेली, सूतगिरण्या गेल्या, हळद शिजवायलाही बॉयलर आले, मग आमी काय करायचं? गावची पोरं पुण्याकडं कंपनीत जात्यात आन सहा महिन्यांनी परत येत्यात, काँट्रॅक्ट संपलं म्हणून. मला काय ठाऊक काम कुठून येणार? मी एवढंच सांगते, मशीनला जे येत न्हाई ते शिकून ठेवा, आन ज्यानं तुमाला फाटकाबाहेर काढलं त्याला ते फुकट सांगू नका.

तर डाळीचं हे बायांना कळलं ते जावंमुळं. दीर घरात म्हणाला, वहिनीनंच चांगली म्हणून सांगितली. माझं नाक चुकायचं न्हाई हे जावंला पक्कं ठाऊक. तिनं हापशावर एवढंच सांगितलं, “आमच्या मोठ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती म्हणं.” घागरी तशाच ठेवून बाया हसत सुटल्या. मग एकेक माझ्याकडं येऊ लागली. तांड्यावरची मैतरीण आली, तंबाखू मळत बसली, आन म्हणाली, “याडी, हळदीला कवा जायचं? खोटं बोललीस तवा भरोसा बसला बघ तुझा.”

त्या वर्षी कुरुंद्याला जीप केली. चौदा बाया, गाठोडी, ताटल्या, एक स्टोव्ह. सगळ्यात आधी जाऊ येऊन बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. तिच्या शेजारी एक जागा तेवढी उरली. जीप सुटायच्या बेतात दीर आला. खांद्यावर टॉवेल, पायी.

“वहिनी, एक इचारू? त्या दिवशी वास आला होता ना तुमाला?”

ड्रायव्हरचा हात किल्लीवरच राहिला.

“व्हय,” मी म्हणाले.

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“तुमाला शेठ म्हणले होते, सांगू नका. मला कुणी म्हणलं नव्हतं. मी माझ्याच मनानं सांगितलं न्हाई.”

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तिकडं हळद शिजवायला गडी लागत असतील. जागा हाय का?”

जागा होती, सगळ्यांना दिसत होती. बाया माझ्याकडं बघू लागल्या. मी जावंकडं बघितलं. तिनं मांडीवरचं गाठोडं उचललं, शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवलं आन लेकरू निजवावं तसं हातानं नीट दाबून बसवलं.

“चला भाऊ,” ती ड्रायव्हरला म्हणाली, “ऊन चढायच्या आत.”